दसऱ्याला ओढलेला ब्रेक

बाबा, आज सकाळी मी कॅरव्हॅन, आपलं ते चाकांवरचं घर, बाहेर काढायला गेले होते. तुमच्याच हट्टाने शिकलेल्या मराठीत लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तुमच्या खात्यावर. कॅरव्हॅन तुम्ही शेवटी घेतलीत तीच आहे आणि हिवाळाभर असते अजून कॉव्हेंट्रीबाहेरच्या त्याच शेतावर, पत्र्याच्या शेडमागे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी दर ईस्टरला आई आणि मी ती गाडीमागे लावून वेल्समधल्या त्याच कुरणावर जातो, तुम्ही निवडलेल्या कोपऱ्यात उभी करतो, पावसाकडे बघत पोहे खातो आणि परत येतो. माझी निम्मी रजा तिथेच संपते. यंदा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, ईस्टरला माझ्याबरोबर पोर्तुगालला येतेस का? आज संध्याकाळपर्यंत तिला कळवायचं होतं. आणि मला जायचं होतं, बाबा. फार जायचं होतं.

तुम्ही मला हे सगळं शिकवलंत तेव्हा मी तेरा वर्षांची होते. धाकट्याला अभ्यास असायचा, मला मात्र, "चल, पाना धर." तुम्ही वाकून टायरची हवा बघताय, मी मागे उभी राहून दिवे लागतात का ते ओरडून सांगतेय, आई आत उंदरांच्या लेंड्या झाडत नशिबाला बोल लावतेय. तुमचा पहिला नियम असा, की हिवाळ्यासाठी उभी करताना हँडब्रेक सोडून ठेवायचा आणि चाकांना विटा लावायच्या. ब्रेक ओढलेला राहिला तर ओलाव्याने आत गंजतो आणि चाकाला धरून बसतो. एका वर्षी मी विसरले, तर तुम्ही शेतकऱ्यासमोर मला झापलंत. "लक्ष कुठं असतं? परत सांगणार नाही." आणि घरी आल्यावर कारखान्यातला तुमचा चांगला पान्यांचा संच माझ्या हातात ठेवलात. मला ते बक्षीस वाटलं होतं. धाकटा आता लांब हाउन्सलोला असतो. फोनवर म्हणतो, "यू आर सो गुड ॲट इट, ताई. मला तर काहीच कळत नाही त्यातलं." कसं कळेल? ज्याला येतं त्याच्याच गळ्यात पडतं.

आज जाताना गाडीतच आईजवळ विषय काढला. "आई, या वर्षी कॅरव्हॅन राहू दे का? मला फ्रेंडबरोबर पोर्तुगालला जायचंय. जस्ट वन वीक." ती खिडकीबाहेर बघत होती. "जा की. मी कुठं अडवलंय?" मग बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "माझं काय, मी बसेन घरी. पण तयार तेवढी करून ठेव, उभ्या उभ्या खराब व्हायला नको." त्यापेक्षा तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शेडमागे पोचलो तर कॅरव्हॅनच्या पुढच्या जोडणीवरचा हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला, आणि त्याच्यावर झेंडूची वाळून काळी पडलेली माळ. दसऱ्याला आई कॅरव्हॅनची पूजा करते, तुमच्या वेळेसारखीच. मी तेव्हा ब्रेक सोडून विटा लावल्या होत्या, मला पक्कं आठवतंय. "हा कोणी ओढला?" "मीच," आई म्हणाली. "माळ घालताना. एवढं वजन नुसत्या विटांवर सोडतात होय? घरंगळली म्हणजे?" मी दांडा खाली केला, गाडी जोडली, विटा काढल्या आणि हळूच पुढे घेतली. उजवं चाक फिरलं. डावं तसंच खडीतून फरफटत आलं. इंजिन बंद करून मी बसून राहिले. सुटले, असंच वाटलं मला. कोणाचं मन मोडायला नको, की भांडायला नको. ईस्टरआधी मेकॅनिक मिळत नाही हे आईलाही ठाऊक आहे. मी म्हणालेसुद्धा, "स्टक आहे, आई. आता नाही जमणार." ती काठी टेकत चाकाजवळ गेली आणि टायरवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्यामुळे झालं," म्हणाली. "त्यांची वस्तू माझ्या हातून गेली."

मग मी दुसऱ्या चाकाला विटा लावल्या, जॅक चढवला, चाक काढलं आणि आतल्या ब्रेकच्या गोल ड्रमच्या कडेकडेने हातोडीचे बेताचे ठोके घालायला लागले. आई "हळू गं, हळू" करत होती. बऱ्याच वेळाने आत टक्क असा आवाज झाला आणि ड्रम माझ्या हाताने गरकन फिरला. आईने टाळ्या वाजवल्या. "अगदी त्यांचा हात आहे तुझा!" घरी येऊन हात धुतले आणि मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं. तिने विचारलं, मॉमने नको म्हटलं का? आई तर जा म्हणाली होती.

तुमच्यावर चिडायला म्हणून हे लिहायला बसले होते, आणि चिडलेय. ते पाने धाकट्याच्या हातात द्यायचे होते तुम्ही. हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. तो ड्रम फिरला तेव्हा मला आनंद झाला, बाबा. आईच्या टाळ्यांचा नाही, त्या मला नंतर ऐकू आल्या. पोर्तुगालची आठवणसुद्धा राहिली नाही. हे आईला मी कधीच सांगणार नाही. सांगितलं तर ती म्हणेल, बघ, तुलाच आवडतं.