बांधावरच्या पाइनमधली गोळी

मी, कुमारी गुनवोर नेरगोर, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्वीचा धंदा लाकूडगिरणीत करवतींना धार लावणे, हल्लीचा धंदा काही नाही, राहणार नेरगोर वाडी, रेंडाल खोरे, नॉर्वे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल त्याने यंदाच्या वसंतातल्या शिकाऱ्यांच्या नेमबाजी चाचणीचा माझा कागद पाहावा, एकही गोळी वर्तुळाबाहेर नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणारा माणूस एकच, वरच्या वाडीचा टोलेफ ओपगोर, आणि त्याचे मी जन्मात ऐकलेले नाही.

हे सर्व वकील सिन्नोव हाउगेन माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेत आहेत. त्या आत्ताच म्हणाल्या, "गुनवोरबाई, कायद्याला लागेल तेवढंच सांगा." मी म्हटले, "कायद्याला कमीच लागतं. मला जास्त लागतं. तुम्ही वाफल घ्या आणि लिहा."

कलम १. घर, गोठा, नदीकडची जमीन आणि बांधापर्यंतचे रान माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तुरीद हिला द्यावे. बहीण गेली त्या वर्षापासून ती माझ्याकडेच वाढली. मला मूलबाळ नाही, त्यामुळे कोणी नाक खुपसायला येण्याचे कारण नाही. धुराडे दर वर्षी साफ करावे. ती विसरते.

कलम २. बँकेतली शिल्लक तुरीदलाच. त्यातून आधी नेमबाजी मंडळाच्या शेडचे छप्पर नवे करून द्यावे. गेल्या उन्हाळ्यात तिथे आम्ही म्हाताऱ्या माणसांनी छत्र्या धरून गोळ्या झाडल्या. लोक हसले. त्यांनी आमचे कागद पाहायला हवे होते.

कलम ३. माझ्या कानशी, लाकडी मुठींसकट, तुरीदने ठेवाव्यात आणि कोणालाही उसन्या देऊ नयेत.

कलम ४. चुलतभाऊ पेडेर याने माझी होडी एका रविवारापुरती नेली आणि ती अजून आलेली नाही. त्याला मी वल्ही देते. म्हणजे तरी त्याची अडचण दूर होईल.

कलम ५. आता बंदूक.

ही माझ्या वडिलांची जुनी लष्करी बंदूक आहे. हिच्या बाजूला कपाटाच्या दारासारखे एक झाकण आहे. ते उघडायचे, काडतुसे नुसती आत टाकायची आणि दार लावायचे. लढाईच्या काळात परक्या फौजेने सगळ्यांच्या बंदुका जमा करायला सांगितल्या, तेव्हा वडिलांनी एक मोडकी बंदूक नेऊन दिली आणि ही ओट धान्याच्या पेटीखाली पुरली. पुढे मी आठवीत असताना त्यांनी हिचा दस्ता माझ्या खांद्याच्या मापाने कापून आखूड केला. आई म्हणाली, "अहो, पोरीसाठी बंदूक कापताय?" वडील म्हणाले, "पोरगी कापण्यापेक्षा बरं."

पण मला कुतूहल बंदुकीचे कधी फारसे नव्हते. मला कुतूहल काडतुसाचे. हे काडतूस नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली होते तेव्हा दोघांनी मिळून ठरवले. त्यानंतर दोघांची फारकत झाली, सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी राहिली, आणि दोन्हीकडच्या शिपायांच्या खिशात काडतूस मात्र एकच! मला याचे नेहमी नवल वाटत आले आहे. भांडी वाटली, शेत वाटले, पण मापटे तेच राहिले.

दुसरे नवल गोळीचे. करंगळीहून कितीतरी बारीक, पण लांब. धक्का इतका कमी की पोरे आणि म्हाताऱ्या दोघेही दिवसभर नेमबाजी करतात आणि संध्याकाळी हात वर करून केस विंचरू शकतात. माणसांवर झाडण्यासाठी कोणी तरी हे बनवले, आणि अखेर ते रविवारच्या कागदी लक्ष्यांसाठी आणि शरदातल्या एल्क हरणांसाठी उरले. लष्कराने टाकून दिले तेव्हा कुठे त्याचे खरे आयुष्य सुरू झाले असे मला वाटते. इतकी बारीक गोळी घोड्याहून उंच जनावराला आडवे कसे करते? मी गिरणीत जन्म घालवला, म्हणून मला वाटते की ती लाकडातल्या गिरमिटासारखी जात असावी. जाड गोळी आदळते, ही वाट काढते. नक्की ठाऊक नाही. कोणाला ठाऊक असेल तर त्याने मला मरायच्या आत येऊन सांगावे, कॉफी मिळेल.

काडतुसे मी याच टेबलावर स्वतः भरते. तुरीद, नीट ऐक. दारू जुन्या बेताचीच घालायची. बाजारात नव्या बंदुकांसाठी कडक भरलेली काडतुसे मिळतात, ती या बंदुकीत बसतात, पण हिच्या बोल्टला, काडतूस मागून अडवणाऱ्या दांड्याला, तो जोर सोसायचा नाही. बसतात म्हणून घालायची नाहीत.

कलम ६. ही बंदूक तुरीदला द्यावी असे माझ्या मनात आहे. दस्ता तिच्याच मापाचा आहे. पहिली गोळी तिने हिनेच झाडली, शिकारीच्या टोळीतला तिचा ठिय्या, म्हणजे दबा धरून बसायची जागा, हिच्याच जोरावर मिळालेला आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट निकालात निघाली पाहिजे.

१९७१ च्या शरदात मी टोळीत पहिली बाई म्हणून ठिय्यावर बसले. शेजारच्या ठिय्यावर टोलेफ, त्याची ती जाड गोळीची बंदूक, तोफेची धाकटी बहीण, घेऊन. सकाळी सगळ्यांसमोर म्हणाला, "गुनवोर, ती विणायची सुई घरी ठेवायचीस. जनावर मारायचंय, मोजे विणायचे नाहीत." सगळे हसले. मीही हसले, कारण नवीन होते.

दलदलीतून एक एल्कचा नर आला. असली शिंगे मी पुन्हा पाहिली नाहीत. मी नेम धरला, झाडली. नर दचकलासुद्धा नाही. सावकाश पुढे चालू लागला, जणू मी खोकले. ही गोळी फुप्फुसातून आरपार गेली की असेच होते, जनावराला कळायलाच वेळ लागतो. आज हे टोळीतल्या पोरांनाही माहीत आहे, तेव्हा कोणी मानायला तयार नव्हते. टोलेफला वाटले माझा नेम चुकला, त्याने तोफ डागली आणि नर कोसळला.

कातडे काढले तर अंगावर भोक एकच, आरपार गेलेले, पण इतके फाटलेले की कोणाच्या गोळीचे ते सांगता येईना. गोळ्या दोन. मागे दोन वाड्यांच्या बांधावरचा मोठा पाइन उभा, त्याच्या सालीत, नराच्या पाठीहून जरा वरच्या उंचीवर, एक ताजे भोक. म्हणजे एक गोळी जनावरातून गेली आणि दलदलीत नाहीशी झाली, दुसरी झाडात. झाडात ज्याची गोळी, त्याचा नेम चुकला. इतके सरळ आहे.

आमच्यात मांस सर्वांना सारखे वाटतात, शिंगे मात्र ज्याने मारले त्याची. टोळीच्या म्होरक्याने भोकात बोट घातले, टोलेफकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बारीक गोळीनं एवढा नर पडत नसतो. शिंगं टोलेफची." मी सुरी काढून झाड खरवडू लागले. तेव्हा टोलेफ म्हणाला, "ए, बांधावरचं झाड आहे. अर्धं माझं आहे. हात लावायचा नाही."

बांधावरचे झाड दोघांच्या होकाराशिवाय पाडत नाहीत, हे खरेच आहे. त्यानंतर मी कितीदा विचारले, तो नाही म्हणाला. मग त्याची सत्तरी झाली त्या दिवशी स्वतःच आला, "चल गुनवोर, पाडून टाकू, बघू काय ते." पण त्याने माझी शिडी परत केलेली नव्हती. मी म्हटले, "अर्धं माझं आहे." तसा निघून गेला. शिंगे त्याच्या दिवाणखान्यात आहेत. मी दर नाताळला त्यांच्याखाली बसून लापशी खाते.

मला राग आहे, तो मी लपवत नाही. पण रागाहून मोठे म्हणजे, मला जाणून घ्यायचे आहे. त्या खोडात कोण आहे? ही एकच गोष्ट मला या जगात अजून सतावते. बाकी सगळे कळून चुकले.

कलम ७. म्हणून माझ्या मृत्यूनंतर, टोलेफचा होकार असल्यास, तो पाइन पाडावा. भोकाच्या जागी सालीवर मी खडूने खूण करून ठेवली आहे. करवत तिथे लावू नये, दाते मोडतील, पाचर ठोकून फाडावे. गोळी जाड निघाली तर शिंगे टोलेफने तुरीदला द्यावीत आणि बंदूकही तुरीदचीच. गोळी बारीक निघाली तर माझा नेम चुकला होता, आणि मी इतकी वर्षे नाहक फुशारकी मारली. तशा वेळी बंदूक टोलेफला द्यावी.

हे लिहून होताच तुरीद चुलीपाशी उभी होती ती वळली. "मावशी, तू माझी बंदूक एका झाडावर पणाला लावतेस?"

"अजून तुझी झालेली नाही."

"त्याचे हात बघ, खांदे बघ! दस्ता त्याच्या बगलेत हरवेल. तो काय करणार तिचं?"

मी म्हटले, "काय करणार ते तुला माहीत आहे." तिला माहीत होते. दोन वर्षांपूर्वी टोलेफचा खांदा कामातून गेला, त्याची ती तोफ त्याला झेपेना. चाचणीच्या दिवशी तो खाली मान घालून आला आणि माझी बंदूक मागितली. तो इंच-दीड इंच आखूड दस्ता गालाला लावून, अंग चोरून त्याने गोळ्या झाडल्या. सगळ्या एका कॉफीच्या बशीखाली झाकता आल्या असत्या. बंदूक परत आणली ती आतून-बाहेरून पुसून, तेल लावून. टोलेफकडून याहून मोठी स्तुती कोणाची झालेली मला आठवत नाही. त्यानंतर प्रत्येक वसंतात तो तीच मागून नेतो.

तुरीदचे डोळे भरले होते. "मग सरळ त्याला देऊन टाक ना," ती म्हणाली. "झाडाला कशाला मध्ये घालतेस?" आणि लाकडे आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. मला वाईट वाटले. कलम मात्र मी बदलले नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, सहीच्या आधी.

झाडाबाबत होकार हवा म्हणून टोलेफला बोलावले होते. दुसरा साक्षीदार म्हणून दुकानदार यायचा होता, पण त्याची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली असा निरोप आला. पहिल्या साक्षीदार वकीलबाई स्वतः. त्यांनी वरचा सर्व मजकूर मोठ्याने वाचला, टोलेफसाठी आणखी मोठ्याने. तो मांडीवरची टोपी फिरवत ऐकत होता. "तोफेची धाकटी बहीण" ऐकून हसला. बंदूक त्याला द्यावी हे आले तेव्हा टोपी फिरवायचा थांबला.

"वाचा परत ते," तो म्हणाला.

वकीलबाईंनी परत वाचले. लाकडे ठेवून तुरीद खिडकीबाहेर पाहत उभी होती, ती वळली नाही. टोलेफने तिच्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या बंदुकीकडे.

"दुसरा साक्षीदार कुठाय?" त्याने विचारले.

"खड्ड्यात," मी म्हटले. "उद्या करू सही."

"उद्या कशाला? मी आहे की."

वकीलबाई म्हणाल्या, "टोलेफकाका, नीट समजून घ्या. मृत्युपत्रात ज्याला काही मिळायचं असतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत तर तुमच्या नावची तरतूद गेली. झाडात काहीही निघो, बंदूक तुम्हाला मिळणार नाही."

"ऐकू आलं मला."

"खरंच आलं का? कारण हे..."

"बाई, बहिरा आहे, येडा नाही. पेन द्या. आणि चालणारं द्या."

मी म्हटले, "टोलेफ, तुझा खांदा..."

"माझ्या खांद्याचं मी बघतो. वसंतात पोरगी देईल की उसनी." मग तुरीदकडे वळून, "देशील ना गं?"

तुरीदने मान डोलावली. मला रडू आले. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर तो उद्या म्हणेल की सर्दी होती.

यास्तव कलम ७ असे बदलते. बंदूक तुरीदचीच, कोणत्याही अटीविना. टोलेफ जिवंत असेतो दर वसंतात तिने ती त्याला उसनी द्यावी आणि त्याने पुसून परत करावी, ही तरतूद नव्हे, माझी विनंती आहे. पाइन आम्ही दोघेही गेल्यावरच पाडावा, टोलेफचा याला होकार आहे. आत कोणाची गोळी निघाली ते तुरीदने चर्चच्या आवारात येऊन आमच्या दोघांच्या थडग्यांमध्ये उभे राहून सांगावे. मोठ्याने सांगावे, टोलेफला कमी ऐकू येते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी खाली सही करत आहे.

ठिकाण: नेरगोर वाडी, रेंडाल खोरे
तारीख: १३ नोव्हेंबर २०१९

सही: गुनवोर नेरगोर

साक्षीदार १: सिन्नोव हाउगेन, वकील

साक्षीदार २: टोलेफ ओपगोर, वरची वाडी. सही केली. झाडातली गोळी तिचीच आहे.