पत्रकावरची 'सॅसी लेखिका'

१४ जुलै, मंगळवार, संध्याकाळ

कार्यक्रम ठरवणाऱ्या देशपांडे सरांनी शनिवारच्या कथावाचनाचं पत्रक पाठवलं. माझं पहिलंच जाहीर वाचन. माझ्यासोबत वाचणाऱ्या निखिलच्या फोटोखाली 'प्रयोगशील कथाकार'. माझ्याखाली 'सॅसी लेखिका', तेही गुलाबी अक्षरांत.

आम्ही दोघंही गोष्टी उलट्या लिहितो, शेवटाकडून सुरुवातीकडे. मग त्याचा तो प्रयोग, आणि माझं काय?

डिक्शनरी काढून बसले. पूर्वी लोक 'सॅसी' हा शब्द चक्क रागावून वापरायचे. नोकर, पोरं, बायका मोठ्यांना उलट बोलल्या की सॅसी, म्हणजे उद्धट. आता म्हणे कौतुक, म्हणजे बिनधास्त, टी-शर्टवर छापतात. अर्थ बदलला, मान्य. पण हा शब्द चिकटवतात कोणाला, ते बदललंय का? की मीच उगाच ताणतेय? पण मग गुलाबी कशाला?

शेवटी सरांना फोन केला.

"अगं, कॉम्प्लिमेंट आहे ती! हल्लीच्या मुलींना आवडतं."

"मग निखिललाही तेच लिहा ना, सर."

सर आधी हसले. मग म्हणाले, "त्याला कसं चालेल? तो सीरियसली लिहितो."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता.

"मग माझं नाव काढा पत्रकातून."

"काढतो. एवढा अॅटिट्यूड बरा नव्हे हं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांत नवं पत्रक आलं. त्यात मी नाही. बरोबरच केलं मी. केलं ना? आईनं मात्र विश्रांतवाडीच्या मावशीलासुद्धा शनिवारचं आमंत्रण देऊन ठेवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.