महादेवचा श्वास

मंगळवार, संध्याकाळचे सात. दवाखान्यातलं बाकडं.

महादेव आत आयसीयूत आहे. चाकणच्या माझ्या वर्कशॉपमधला हा बीडचा लेथवाला, बारा वर्षांपासूनचा सोबती. शुक्रवारपासून ताप होता. माझ्या ड्रॉवरमधली गोळी घ्यायचा, घाम सुटायचा, ताप उतरायचा, की परत मशीनवर. "शेठ, गोळी हाय तवर म्या बी हाय!" मीही हसलो. रोज गोळी मीच दिली ना?

मशीनचं बेअरिंग जाणार हे मला दाराबाहेरून ऐकू येतं. मग सकाळपासून त्याला लागलेली धाप का नाही ऐकू आली? दुपारी तो मला त्याच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायला लागला, तेव्हा कुठे गाडी काढली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळीनं ताप उतरतो, आजार नाही. तीन दिवस ताप हटला नाही तर दाखवायचं. आणि धाप लागली, माणूस बरळायला लागला, की तासभरसुद्धा थांबायचं नाही."

त्याची बायको गावाहून निघालीय. फोनवर म्हणाली, "भाऊ, तुमी हायत ना संगं, मग मला घोर न्हाई."

आयसीयूचं दार उघडलं की कान टवकारतो. आतून नुसते मशीनचे आवाज येतात. त्याचा श्वास काही ऐकू येत नाही.