गोळ्यांची उपासमार

४ मार्च
...आणि हात हलू न देता शेवटचा थेंब सोडला. सिरिंजमधून कॅल्शियमच्या पाण्यात जिवाणू कालवलेल्या चिकट अल्जिनेटचा थेंब पडला की त्याची गोळी होते. आत जिवाणू कोंडलेले. त्यांनी आतच बसून लॅक्टिक ॲसिड करायचं. नवे जिवाणू लागत नाहीत, त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा वापरायच्या.
ही बहिणीकडे गेली आहे. विश्रांतीसाठी. घरात शांतता. कामाला उत्तम.

७ मार्च
तापमान सदतीस. ॲसिड कमी. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, कोंडून ठेवल्यावर कोण जीव लावून काम करेल हो. बाईंना विनोदाची हौस आहे.
हिचा फोन. रविवारी या, बोलायचंय म्हणाली. येतो म्हणालो. आवाज ताजातवाना. विश्रांती मानवलेली दिसते.

८ मार्च
तापमान तीस. ॲसिड आणखी कमी. जिवाणू हट्टी.
आजपासून घरी स्वयंपाक करायचा.
केला नाही. एकट्यासाठी गॅस कशाला जाळा.

१० मार्च, रविवार
निघालोच होतो. चप्पल पायात. तेवढ्यात सुचलं: बिचाऱ्यांची उपासमार होत असणार. लॅब गाठली. फॉस्फेट घालून दणदणीत खुराक दिला. दिवसभर फ्लास्कजवळ बसलो. कुणीतरी जवळ असलेलं बरं.
संध्याकाळी हिला कळवलं, पुढच्या रविवारी नक्की. बरं म्हणाली. वाद नाही. समजूतदार आहे.

११ मार्च
फ्लास्क गढूळ. गोळी एकही नाही.
बाईंनी डोकावून पाहिलं. अहो, फॉस्फेट पाजलंत? त्यानं कॅल्शियम ओढून घेतलं, गोळ्या विरघळणारच. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असं करत नाहीत, म्हणाल्या.
ॲसिड मोजलं. आजवरचं सर्वांत जास्त. म्हणजे खुराक बरोबरच होता. फक्त गोळ्या राहिल्या नाहीत.
उद्या हिला घेऊन यायचं. पुढच्या रविवारची वाट कशाला. चादरी बदलल्या.

१२ मार्च
सकाळी मेहुणीनं दार उघडलं. ही नव्हती. काल परगावी नोकरीवर रुजू झाली. मेहुणी म्हणाली, भावोजी, जायचं की तुमच्याकडे परतायचं, हे ती तुमच्याशी बोलून ठरवणार होती. रविवारी दिवसभर घरातून हलली नाही. आत तरी या.
आत गेलो नाही. लॅबला आलो.