चपलेच्या वॉशरबाबत माझे शेवटचे म्हणणे

लिहून ठेवणार : राजकन्या भ्र. भागवतराव सोळुंके, वय ७१, निवृत्त मुख्याध्यापिका, रा. लातूर.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, खोलीला आतून कडी लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून नजर स्वच्छ आहे आणि दोन्ही पाय मी ठेवीन तिथेच पडतात. पायांबद्दल घरात वाद असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मृत्युपत्र करते म्हटल्यावर "आत्ताच काय घाई आहे" एवढेच सगळे म्हणाले, आणि माझ्याकडे बघणे टाळले.

१. यजमान वारले. एक मुलगा, शिवशंकर, प्लॉटिंगचा धंदा करतो. सून अयोध्या. औसा रोडवरचे घर मी माझ्या पगारातून बांधले असून त्यावर माझाच हक्क आहे. ते कोणाला जावे हे कलम ५ मध्ये लिहिले आहे. तिथे उडी मारू नये, क्रमाने वाचावे.

२. पोस्टातली ठेव मी जिथे शिकवले त्या शाळेला द्यावी. तीतून मुलींसाठी संडास बांधावा, दार आणि आतली कडी यांसह. बिनदाराच्या संडासाची फीत कापून फोटो काढणारी माणसे मी नोकरीभर पाहिली. त्यांची मला आजही शिसारी येते.

३. मी गेल्यावर चौकात माझा फ्लेक्स लावू नये. ज्यांनी मला आयुष्यात कधी नमस्कार केला नाही त्यांची तोंडे माझ्या फोटोखाली ओळीने नकोत.

४. माझी फियाट. नोकरीत असताना घेतली. तेव्हा गाडी चालवणारी बाई बघायला लातुरात लोक पानटपरीवरून उठून यायचे. या गाडीबद्दल जे घडले ते इथे लिहिते, कारण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरेच लिहिले गेले आहे.

दसऱ्याच्या आधी पुढच्या चाकाचा ब्रेकचा पाईप बदलायचा होता. तो पाईप चाकापाशी जिथे जोडतात तिथे बोल्टाला तांब्याचे दोन वॉशर लागतात. तांबे मऊ असते, बोल्ट आवळला की दबून बसते आणि ब्रेक ऑइल बाहेर येत नाही. जुने वॉशर चरे पडून गेले होते. मिस्त्री म्हणाला, ही साइज लातुरात मिळेना, दसरा होऊ द्या, मी मागवतो. शिवशंकरला धीर नव्हता. दसऱ्याला दारात गाडी सजवून उभी केली नाही तर प्लॉटवाले काय म्हणतील? त्याने स्वतःच पाना घेतला.

मी विचारले, "तांब्याचाच बसवलास ना?"

"हाव गं आई, तांब्याचाच हाय. तू कशाला टेन्शन घ्यायलीस?"

सकाळी पूजा झाली. चाकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, टायरखाली लिंबू. त्याच चाकापुढे नारळ फोडला. माझी शेजारीण कमलम्मा मूळची देवणीची, कन्नडच्या वळणाने मराठी बोलते. ती म्हणाली, "बाई, चाकाखाली लई ओलं दिसालंय की."

"नारळाचं पाणी हाय मावशी," शिवशंकर म्हणाला, आणि सगळ्यांनी मान डोलावली. बोट लावून हुंगायला कोणी वाकले नाही. पूजेचे पाणी हुंगायचे नसते.

मग मी आणि कमलम्मा निलंग्याला माझ्या थोरल्या भावाला सोने द्यायला निघालो. लामजना ओलांडल्यावर उतार लागला. समोर रस्ताभर शेळ्या आणि त्यांच्यामागे दोन बाया होत्या. मी ब्रेक दाबला, तो खाली फळीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डाव्या हाताच्या उसात घातली. एक दिवा फुटला. माणूस, शेळी, कोणालाही खरचटले नाही. कमलम्मा शरणु शरणु म्हणत होती, पण पदर सावरून आधी तीच उतरली.

शिवशंकर मोटारसायकलवर आला. गाडीखाली न वाकता त्याने उसाच्या कडेला उभा राहून फोन लावले. "काही न्हाई हो मामा. आईचं वय झालं आता. ब्रेक समजून ॲक्सिलेटरवर पाय पडला." एकामागून एक, सगळ्यांना तेच, मग ग्रुपवरही तेच. मी तिथेच उभी होते. त्या दिवशी गाडीची किल्ली त्याच्या कपाटात गेली ती अजून तिथेच आहे.

गाडी ओढून आणली. मिस्त्रीने बोल्ट काढला तर आतून निळ्या रबराच्या दोन चावलेल्या चकत्या निघाल्या. अयोध्या आत गेली आणि न्हाणीतली निळी चप्पल घेऊन आली. टाचेला दोन गोल भोके होती. तिने ती चप्पल नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

शिवशंकर म्हणाला, "झालं ते झालं. कुणी मेलं का?"

पायातली चप्पल ब्रेकमध्ये घातली याची किळस येतेच. पण या वाक्याची मला जास्त किळस आली. पोटच्या पोराची किळस यावी इतके दिवस जगू नये असे वाटले. ग्रुपवर त्याने काही दुरुस्त केले नाही. भाचे, भाच्या अजूनही मला "आत्या, आता आराम करा" म्हणतात, आणि मी उठले की हात धरायला धावतात.

मी एसटीने नांदेडला गेले. जुन्या गाड्यांचे सामान ठेवणारे करीमभाई मी सोबत नेलेला बोल्ट बघून म्हणाले, "बाई, फियाटचा माल बंद झाला. पण ट्रॅक्टरच्या डिझेल पाईपाला हाच वायसर लागतो. घेऊन जावा, वरचेवर लागतेत." खरेच तंतोतंत बसले. म्हणजे लातुरात कोणत्याही ट्रॅक्टरच्या दुकानात ते मिळाले असते. विचारायला तोंड उघडावे लागले असते एवढेच.

ती गाडी, यजमानांची पान्यांची पेटी आणि उरलेले वॉशर अयोध्येला द्यावेत. अयोध्या, वॉशर एकदाच वापर. अगदीच नड आली तर जुना गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोड, तांबे परत मऊ पडते. तो ऑइलच्या बोल्टला चालेल, ब्रेकला नवाच घाल. आणि गाडी शीक. नवरा नको म्हणेल, तरी शीक.

५. घर शिवशंकरला द्यावे, एका अटीवर. माझ्या तेरवीला, ताटे वाढण्याआधी, त्याने मांडवात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे : "आईचा पाय ब्रेकवरच होता. वॉशर मी चपलेचा घातला होता." पुटपुटलेले धरू नये. तो म्हणाला नाही तर घर अयोध्येचे. मग त्याने तिच्या घरात राहावे आणि तिला विचारून राहावे.

६. शिवशंकर, कागदावर तुला तेरवीपर्यंत मुदत आहे. पण तेव्हा मांडवात तू कितीही मोठ्याने बोललास तरी ते ऐकायला मी नसेन. मला ते ऐकायचे आहे, म्हणून या कागदाची एक प्रत आजच तुझ्या हातात देते. आज जेवताना म्हण, उद्या म्हण, ग्रुपवर लिहून टाक. त्याच दिवशी कलम ५ मधली अट मी माझ्या हाताने खोडीन आणि घर तुझ्या नावाने लिहीन. मी वाट बघत आहे.

ठिकाण : लातूर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४
सही : राजकन्या भागवतराव सोळुंके

साक्षीदार :

१. माणिकप्पा शरणप्पा हत्ते, रा. लातूर. बाईंनी मजकूर स्वतः वाचून माझ्यासमोर सही केली.

२. कमलम्मा भ्र. मडिवाळप्पा बिराजदार, रा. लातूर. सही करताना मी शेजारी बसलेली हाय. गाडीत बी मीच शेजारी होते. पाय ब्रेकवरच होता. मला आजपतुर कुणी इचारलंच न्हाई.