देवीचा उजवा कौल

२ मे १९५६, बुधवार
साहेबांचं पत्र आलं. मुंबईत ज्यांच्या हाताखाली वर्षभर हाउस सर्जन होतो, ते. रजिस्ट्रारची जागा, तीन वर्षं, पुढे एम. एस. 'एक जूनला हजर व्हा. हात हलका आहे तुमचा, वाया घालवू नका.' चारदा वाचलं. मग नानांचं भांडं रिकामं करायला उठलो.

शिमग्यात नाना पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवली त्यांनी. आता एकच शब्द उरलाय, 'बरं'.

४ मे, शुक्रवार
बेहेरे डॉक्टरांनी बोलावलं. त्यांचा दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटं. म्हणाले, "माझ्याकडेच राहा. वडिलांकडे बघणं होईल, शिकणंही होईल." शिकणं कसलं! गळवं, अंडवृद्धी, फार तर हर्निया. पोट उघडत नाहीत. हात कापतो त्यांचा. सगळ्या गावाला ठाऊक, त्यांना सोडून. आणि माणूस इतका सज्जन की तोंडावर नाही म्हणवत नाही. आठवड्यात कळवतो म्हणालो.

घरी काही बोललो नाही. आईने पत्र पाहिलंय. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा येतो.

९ मे
आजचं लिहायलाच हवं.

जयगडचा खलाशी, इब्राहिम नाव, तिशीचा. भावाने होडीतून आणला. पोट फळीसारखं कडक. आतला अल्सर फुटलेला, हात लावताच कळलं. वेळेत उघडून शिवला तर माणूस उठून घरी जातो. बे. डॉ. म्हणाले, कोल्हापूरला न्या. मी म्हणालो, आपण उघडू या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू शिवलं आहेस कधी?"

पाहिलंय. साहेबांसमोर जखमेच्या कडा हुकाने ओढून धरत उभा राहिलोय, अकरा वेळा. शिवलं एकदाही नाही.

भाऊ माझाच हात धरून, "डाक्टर, तुमीच कायतरी करा ना." मी काय केलं, तर मोटार ठरवून दिली.

१० मे
इब्राहिम गेला. साखरप्याच्या पुढे, घाट लागायच्या आधीच. भाऊ मुद्दाम घरी सांगायला आला आणि आईसमोर वर माझे आभार मानून गेला. मोटार मिळवून दिलीत म्हणून.

जेवण गेलं नाही. इथे राहिलो तर पुढचाही असाच जाणार आणि मी जन्मभर मोटारी ठरवत बसणार. मुंबईला गेलो तर इथे नानांना कोण उचलणार? आई? तिचं वजन त्यांच्या निम्मं. कुठूनही सुरुवात केली तरी येऊन इथेच थांबतो. वीट आलाय माझाच मला.

११ मे, शुक्रवार
आई देवीला कौल लावून आली. न विचारता. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न आपण करायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिने विचारलं, मुलाने मुंबईला जावं का? दारातूनच म्हणाली, "उजवा झाला. जा तू."

मी म्हटलं, साहेबांचं आणि देवीचं एकमत झालं म्हणायचं! ती हसली नाही.

माझा विश्वास नाही. तरी हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू. साहेबांना होकार टाकला. बे. डॉ.ना सांगून आलो. "जा, जा" म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

१४ मे
नानांच्या पाठीला लाली धरलीय. आता दर दोन तासांनी कूस बदलायचीच, नाहीतर जखम होईल. आईला शिकवलं. अंगाखाली चादर, चादर ओढायची, माणूस नाही ओढायचा. तिसऱ्या वेळी तिला एकटीला जमलं. घामाघूम झाली, भिंतीला टेकून हसली. "बघ, येतं की मला."

१८ मे, शुक्रवार
आई देवळात गेली नाही. आठवतं तसा तिचा शुक्रवार चुकलेला नाही. गुडघा धरलाय म्हणाली. मी गुडघा पाहिला, काहीही नाही. दुपारी विहिरीवरून दोन कळशा घेऊन आली.

पावसाळ्याआधीची शेवटची बोट २६ला. जागा धरली.

२१ मे
आई विहिरीवर गेलेली. नानांना विचारलं, "जाऊ का?"
"बरं."
"राहू का?"
"बरं."
उजव्या डोळ्यातून पाणी. या आजारात त्या डोळ्यातून तसंही पाणी येतं. मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे. डॉक्टर नसतो तर बरं झालं असतं.

२३ मे
बाजारात बाबू गुरव भेटला. म्हणाला, "मग नाय ना जात मुंबयला?" म्हटलं, जातोय की, उजवा कौल दिलास ना तू. तो बघतच राहिला.

"आवशीनं सांगितलान नाय तुमाला? डावा झाला व्हता. परत लाव म्हनाली. तीनदा लावलं. तीनदा डावाच."

आणि पुढे, "त्या दिसापासून देवलात फिरकली नाय ती."

भाजी न घेताच परत आलो.

२४ मे
दिवसभर तिच्याशी बोलता आलं नाही. ती ट्रंक भरतेय. सदऱ्यांच्या घड्या, लोणच्याची बरणी फडक्यात बांधलेली.

देवीचं मला काय? दगड आहे, कळ्या ओल्या होत्या, वाऱ्याने पडल्या. पण तिच्यासाठी नाही ना तसं! तीनदा नको म्हणणाऱ्या देवीला तिने माझ्यासाठी बाजूला सारलं. आता नानांना काही झालं तर ते तिच्या खोटेपणानं झालं, असंच ती मरेपर्यंत धरून चालणार. तेव्हा मी मुंबईत कुणाचं तरी पोट शिवत असेन.

२५ मे, शुक्रवार
विचारलं. चुलीपाशी होती, मान वर केली नाही.

"देवीशी माझं मी बघून घेईन. तू बोट चुकवू नकोस."

"नानांना काही झालं तर?"

तिने लाकूड चुलीत आत सारलं. मग म्हणाली, "त्या जयगडच्या मुलाला आई असेल ना रे?"

आजही देवळात गेली नाही.

२६ मे, शनिवार
साहेबांना तार लिहून ठेवलीय, येत नाही म्हणून. खिशात आहे. बोटीचं तिकीटही त्याच खिशात. ट्रंक ओट्यावर.

सकाळी नऊला कूस बदलली, मी. अकराला आई पुढे झाली. म्हणाली, तू हात लावू नकोस, बघ नुसता. चादर ओढली. नाना अर्ध्यावर अडकले, तिने दात आवळले, पुन्हा ओढली. झालं. नाना म्हणाले, "बरं."

तिच्या मनगटावर चादरीचा लाल वळ उठलाय. पदराखाली झाकतेय.

पुढची कूस एक वाजता. बोटही एकलाच लागते. खाली बंदरावर बोटीपर्यंत नेणारे पडाव माणसं घेऊ लागलेत, इथून दिसतात.