गोमेची तब्येत

१९ ऑक्टोबर, रविवार
गोमेने आजही अळीला तोंड लावलं नाही! सोळावा दिवस. चिमट्याने समोर धरली — वळून पेटीतल्या सालीखाली गेली.
पोराचा, जासूरचा, कोरियाहून फोन. नेहमीसारखा पहिला प्रश्न, ‘अदा, ती कशी आहे?’ मी म्हटलं, मजेत. मग तिच्यावरच वीस मिनिटं बोललो.
दोन वर्षं झाली, तो पेटी माझ्या हवाली करून गेला. ही मेली तर तो फोन कशाला करेल?

२२ ऑक्टोबर
इमारतीत घरं तापवायचे गरम पाण्याचे पाइप सुरू झाले. ताश्कंदचा हिवाळा पाइपांनीच मारतो — माझे ओठ फुटले, तर तिचं काय! पेटीतली माती पार भुगा. दिवसातून चारदा पाणी शिंपडलं.

२५ ऑक्टोबर
पायांवर काळे ठिपके! तीन. काचेला घाम, मातीला कुबट वास. जासूर सांगून गेला होता — ओल खाली, वर कोरडं. मी वरूनच ओतत बसलो. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या हाती जीव देऊ नये.
माती बदलली. झाकणाला आणखी भोकं पाडली.

२९ ऑक्टोबर
पाच ठिपके. मागचे पाय फरफटतात. झोप नाही.
शेजारची सबोहत सूप घेऊन आली. पेटी बघून म्हणाली, ‘अका, वहिनी होती तेव्हा तिची नाडी कधी इतकी पाहिली नव्हती!’ मग जवळ येऊन, ‘नजर लागलीय हो. सगळ्यांना दाखवत फिरता. इसिरिक जाळते, थांबा.’
नको म्हणायला हवं होतं. पण आमच्याकडे तान्ह्या पोरापासून नव्या गाडीपर्यंत सगळ्यांना या झाडपाल्याची धुरी देतात. जासूरला गोवर झाला तेव्हा मीच दिली होती. मीच झाकण उघडलं. सबोहत पुटपुटत तवा फिरवत होती. धूर पेटीत भरला, खाली बसून राहिला. गोम काचेवर चढू लागली. पडली. पुन्हा चढली.

३० ऑक्टोबर
मेली.

२ नोव्हेंबर, रविवार
‘अदा, ती कशी आहे?’
‘अळी खाल्ली,’ म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार
कात टाकली म्हणून सांगितलं. किती खूश झाला! फोन ठेवल्यावर रिकाम्या पेटीत पाणी शिंपडलं. म्हातारा झालो, दुसरं काय.

१२ नोव्हेंबर
सबोहत जिन्यात भेटली. ‘उतरली ना नजर?’ हो म्हणालो. तिला कशाला सांगू.

१६ नोव्हेंबर, रविवार
जासूरला सगळं सांगून टाकलं. धुरीचंही. दोन आठवडे खोटं बोललो, तेही.
मग म्हणाला, ‘अदा, मला वाटलं ती पहिल्याच हिवाळ्यात गेली असणार. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही तेव्हापासून रचून सांगताय.’
‘मग दर रविवारी विचारायचास कशाला?’
‘दुसरं काही विचारलं की तुम्ही “ठीक आहे” म्हणता आणि फोन ठेवता.’